बारा विहिरींचं पाणी

१० जानेवारी १९७१

निबंध लिहिला म्हणून गीताला कॉलेजात ही डायरी बक्षीस मिळाली. तिनं ती मला दिली. म्हणाली, "माय, तू लिहीत जाय. चौथीपर्यंतचं सगळं विसरून चालली तू." मी म्हटलं, माही चौथी माह्यापाशी, तुले काय करायचं. पण कोरा कागद घरात पडून राहिलेला मला पाहवत नाही. म्हणून लिहिते. रोज लिहीन असं नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईला रोज लिहायला वेळ मिळत असला तर तिच्याकडे कोणी जेवत नाही असं समजावं.

१२ जानेवारी

डोणगावहून माणिकराव आले. माझे धाकटे दीर. माझा नवरा गेल्यापासून शेती मजुरांवर सोडून सल्ला देणं हा त्यांनी धंदा धरला आहे.

"वहिनी, नांदुऱ्याचं स्थळ हाये. स्टेशनाजवळ धान्याचं दुकान. पोरगं निर्व्यसनी."

"निर्व्यसनी म्हणजे पोट सुटेलं असंन."

"वैशाखात उरकून टाकू."

गीता आतून भाकरी थापता थापता म्हणाली, "काका, मले नागपूरले एम.एस्सी. करायचं हाये."

"आता बी.एस्सी. होशीन ते का कमी हाये? एवढी शिकून कोणाले पाणी पाजशीन?"

"पाण्याचंच करून राह्यलो आम्ही," गीता म्हणाली आणि बाहेर येऊन सगळं सांगितलं. कॉलेजच्या पोरांचं विज्ञान मंडळ आहे. ते फेब्रुवारीत दोन दिवस पाण्यावर परिसंवाद भरवणार. सगळं पोरंच करणार, मास्तरांनी फक्त पुढच्या खुर्च्यांवर बसायचं. पोरांनी स्वतः पाणी तपासून निबंध वाचायचे. नागपूरचे एक मोठे प्रोफेसर ऐकायला येणार. ज्याचं काम त्यांना पसंत पडेल त्याला ते आपल्या प्रयोगशाळेत घेतात, वसतिगृहाची सोयही करतात.

मी माणिकरावांना म्हटलं, "परिसंवादापर्यंत थांबा. नागपूरवाला हो म्हणाला तर पोरगी नागपूरले. नाही म्हणाला तर नांदुऱ्याले. हा माहा शब्द."

गीता माझ्याकडे पाहत राहिली. पाहायचं काय त्यात. एकदा काय ते ठरलं की मला बरं वाटतं.

१६ जानेवारी

गीता, इंद्रभान आणि आणखी दोघं चार दिवस मेहकर-डोणगावच्या बाजूची गावं फिरले. बारा गावं, बारा विहिरी, बारा बाटल्या. इंद्रभान आमच्याकडेच जेवतो. तो मंडळाचा अध्यक्ष आहे, कारण सायकल त्याच्या एकट्याचीच धड आहे.

आज बाटल्या घेऊन कॉलेजात गेले तर प्रयोगशाळेला कुलूप. किल्ली पुंजाजी शिपायाकडे आणि पुंजाजी भाच्याच्या बारशाला गेलेला. मग बाटल्या आमच्याकडे आणल्या. माठ-हंडे ठेवायची घडवंची आहे तिच्यावर ओळीनं लावल्या. प्रत्येकीच्या गळ्यात गावाच्या नावाची चिठ्ठी, दोऱ्यानं बांधलेली.

"दोन दिवस राहू द्या, मावशी," इंद्रभान म्हणाला.

जागा अडली. पण पोरीचं काम आहे.

१७ जानेवारी

गीता दमून झोपली होती म्हणून उठवली नाही. रोजच्यासारखे हंडे, माठ, तांबे उपडे केले, घासले, आडाचं ताजं पाणी भरलं. शिळं पाणी मी घरात ठेवत नाही. माझ्या सासूनंही कधी ठेवलं नाही. बाटल्यांत तर त्याहून जुनं. तळाला गाळ, एकीत हिरवं काहीतरी तरंगत होतं. असं पाणी घेऊन पोरगी चार लोकांत गेली असती तर लोकांनी मलाच नावं ठेवली असती. राख आणि रेती घालून एकेक बाटली खळखळवली, स्वच्छ धुतली, भरली. गळ्यातल्या चिठ्ठ्या ओल्या होऊ दिल्या नाहीत. होती ती बाटली होती तिथंच ठेवली. काचेच्या बाटल्या इतक्या चकचकीत कॉलेजात कोणी पाहिल्या नसतील.

गीताला काही बोलले नाही. घरातली कामं मी सांगत बसत नाही.

२८ जानेवारी

आज इंद्रभान भाकरी मोजायचं विसरला इतका जेवला. बाटल्या तपासून झाल्या.

"मावशी, बाराही पाणी एकच हाये. खार तेवढाच, साबणाले फेस तेवढाच. थेंबाचा फरक नाही."

"पाण्यासारखं पाणी. त्यात काय."

"तसं नसते, मावशी. गाव बदललं की पाणी बदलते. इथं बदललंच नाही. म्हणजे सगळ्या तालुक्याखालून एकच प्रवाह वाहून राह्यला." त्यानं ताटातल्या वरणात बोट बुडवून पाटावर नदी काढून दाखवली. पाट मलाच पुसावा लागला.

गीता हसत होती. तिला इतकी खूश मी मॅट्रिकच्या निकालानंतर पाहिली नव्हती. म्हणाली, "माय, असं कोणाले मिळत नसते. प्रोफेसर हेच ऐकून घेतील मले."

शेजारची अन्नपूर्णाबाई ताक मागायला आली होती, तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "पैनगंगाच असंन, आतून वाहणारी." संध्याकाळी आमच्या आडाला हळदीकुंकू वाहून गेली. आडाच्या कडेला डाग पडला.

६ फेब्रुवारी

परिसंवादाची पत्रकं छापून आली. गीताचं नाव सगळ्यांत वर. "मेहकर तालुक्यातील एकच भूगर्भ-प्रवाह." मी तीनदा वाचलं. भूगर्भ हा शब्द चौथीत नव्हता.

माणिकरावांच्याही कानावर गेलं. त्यांच्या बरडावर कुसळाशिवाय काही उगवत नाही. तिथं त्यांनी नारळ फोडून विहीर खणायला घेतली. म्हणतात, सगळीकडून वाहतेच आहे तर आपल्या खालून का नाही. पोरीच्या शिक्षणाचा उपयोग त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दिसला. मी अडवलं नाही. खणू द्या. तेवढे दिवस सल्ला बंद.

१५ फेब्रुवारी

गीतानं आज आमच्या आडाचं पाणी तांब्यात भरून कॉलेजात नेलं. "हे कशाले?" विचारलं तर म्हणाली, "तुलना करायले. आपलं गावठाणातलं पाणी वेगळं निघंन, मंग त्या बारांचं आणखी उठून दिसंन."

दुपारी आली ती तशीच बसली. जेवली नाही.

मग म्हणाली, "माय, त्या बाटल्यांले कोणी हलवलं होतं का?"

"कोणी नाही हलवलं. होत्या तिथंच होत्या."

"तू हात लावला होता?"

मला राग आला. बाहेर पंगत बसलेली, भाजी लागायला आलेली. म्हटलं, "माह्या घरातल्या वस्तूले मी हात नाही लावणार तं कोण लावंन? नेताना बारा होत्या ना? एक तरी फुटली का?"

"नाही."

"मंग?"

ती घडवंचीकडे पाहत राहिली. नंतर माझ्या हातांकडे. म्हणाली, "काही नाही, माय. तू जाय, भाजी लागून राह्यली."

परीक्षेची धास्ती असेल.

१७ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहून ठेवते. आज मागच्या दारी इंद्रभान आणि गीता बोलत होते. मी शेण लावत होते, त्यांना दिसले नाही.

तो म्हणाला, "आता कोणाले सांगू नको. तीन दिवस राह्यले. पत्रकं वाटून झाली."

ती म्हणाली, "मंग काय खोटं बोलू सगळ्यांसमोर?"

"बारा गावं पुन्हा फिरणं होत नाही आता. अन् सांगशीन तं तुह्या मायचं नाव निघंन."

"तिचं नाव तू काढायचं नाही. घे शपथ."

त्यानं शपथ घेतली. मी समजायचं ते समजले. एका ताटातली पोरं एकमेकांत गुंतायला वेळ लागत नाही. माझ्या नावाला धक्का लागेल याची पोरीला काळजी आहे, एवढं तरी बरं. परिसंवाद होऊ दे, मग दोघांना पाहते. आजपासून इंद्रभानच्या वरणात पाणी जास्त.

१९ फेब्रुवारी

परिसंवादाच्या जेवणाचं काम मंडळानं मलाच दिलं आहे. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. गोवऱ्या भिजलेल्या निघाल्या. विकणाऱ्याच्या घरी जाऊन बदलून आणल्या.

लाऊडस्पीकर ठरवला होता तो निवडणुकीच्या सभेला निघून गेला. पोरं रडकुंडीला आली. मी म्हटलं, मोठ्यानं बोला. मी जन्मभर बोलले.

गीतानं सकाळी डोणगावला चिठ्ठी पाठवून काकांना खणणं थांबवायला सांगितलं. माणिकरावांनी उलट निरोप धाडला की मुरूम लागला आहे, आता पाणी हातभर खाली.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. झालं तसं लिहिते.

सभागृह भरलं होतं. नागपूरचे प्रोफेसर बारीक, उंच, पांढरा शर्ट. आलेला चहा बाजूला ठेवून त्यांनी नुसतं पाणी प्यायलं, तेही आधी उजेडात धरून पाहून. पाण्याच्या माणसाला हे शोभतं. मी मागे बायकांत बसले. रोडगे निखाऱ्यात होते, दोन निबंधांत परत जाईन असं ठरवून आले होते.

गीता उभी राहिली. आवाज खणखणीत. म्हणाली, "छापील पत्रकात माझ्या निबंधाचं जे नाव आहे ते मी मागे घेते. असा एक प्रवाह असल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही. मी तपासलेल्या बाराही बाटल्यांत एकाच विहिरीचं पाणी होतं. ते माझ्या निष्काळजीपणामुळे झालं. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून खणायला घेतलं असेल त्यांनी थांबावं."

आणि बसली. सगळा निबंध एवढाच.

प्रोफेसरांनी विचारलं, "निष्काळजीपणा म्हणजे नेमकं काय झालं?"

"बाटल्या नीट राखल्या नाहीत, सर."

"बारा बाटल्या आपोआप एका विहिरीवर गेल्या?"

इंद्रभान खाली पाहत होता. प्रोफेसर म्हणाले, "निष्काळजी माणसाचा प्रयोगशाळेत उपयोग नसतो. पुढचा निबंध."

मला इतका संताप आला की रोडग्यांची आठवणच राहिली नाही. एका बाजूनं जळले. ते मास्तरांच्या पंगतीला वाढले.

घरी आल्यावर मी तिला बोलायचं ते बोलले. "चार वर्षं शिकून बाटल्या सांभाळता येत नाहीत? कोण्या मेल्यानं केलं हे? नाव सांग. या उलथण्यानं हात मोडते त्याचा."

गीता म्हणाली, "राहू दे ना, माय."

"राहू कसं दे? तुहं नागपूर गेलं."

"गेलं तं गेलं. नांदुऱ्याले जाईन. शब्द दिला ना तू."

असं म्हणून उद्याची वांगी चिरायला बसली. मी इंद्रभानला बोलावून विचारलं, तुझं काम आहे का हे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्याच डोक्यावर काही बसलं आहे. म्हणाला, "मावशी, मी शपथेत हाये." आणि जेवणाचं ताट तसंच सोडून उठला. चोर नक्की तोच.

२१ फेब्रुवारी

चोर सापडला.

सकाळी घडवंचीवरचा मोठा हंडा उपडा केला. कालचं पाणी मोरीतून गेलं. राख घेतली आणि हात तिथंच थांबला.

किती वेळ बसले माहीत नाही. बाहेर गिऱ्हाईक चहाला ओरडत होतं. त्याला म्हटलं, आज नाही.

आधी वाटलं, एवढंच ना. पाणी बदललं, विष तर नाही घातलं. मग वाटलं, सांगून पोरांनी ठेवायचं नाही का, की हे पाणी शिळंच ठेवायचं असतं. मग पोरीचा राग आला, माझ्यापासून लपवलं म्हणून. मग आठवलं, तिनं विचारलं तेव्हा मी भाजी ढवळत होते. आता राग कोणाचा करावा ते ठरेना. गप्प राहावं असंही मनात आलं. खोटं कशाला लिहू. मेहकरात खानावळ चालवायची आहे, लोक जन्मभर हसतील. पण पोरगी लोकांसमोर निष्काळजी झाली होती. आणि ती नाही. तिचा कंगवा, फडकं, तांब्या, कुठलीही वस्तू अंधारात हात घातला तरी जागेवर सापडते.

दुपारी समारोप होता. इंद्रभान म्हणाला, "कोणाला काही विचारायचे असल्यास प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावा."

मी उभी राहिले.

"मावशी, जेवणाचं मंग सांगू."

"जेवणाचं नाही."

"मंग प्रश्न लिहून द्या."

"प्रश्न नाही. उत्तर हाये." आणि प्रोफेसरांकडे पाहून सांगून टाकलं, "त्या बाटल्यांतलं पाणी मी फेकलं. शिळं होतं. घासून आमच्या आडाचं भरलं. मी हिची माय. पोरीनं बाटल्या जागेवर ठेवल्या होत्या. माह्या घरात शिळं पाणी टिकत नाही."

आधी पोरं हसली, मग बायका, मग मास्तर. प्रिन्सिपॉलांनी रुमाल तोंडाला लावला. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी पेन काढलं.

"बाई, बाटल्या कशानं घासल्या?"

"राखेनं. रेती घालून."

"धुतल्या किती वेळा?"

"निघेपर्यंत."

"चिठ्ठ्या काढल्या होत्या?"

"नाही. भिजूही नाही दिल्या."

हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग गीताला उभं केलं. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होय, सर. घरच्या आडाचं पाणी तपासलं तेव्हा कळलं."

"मग काल का नाही सांगितलं?"

"बाटल्या माझ्या होत्या, सर."

"त्यानं काय होतं? तुम्ही काल अर्धंच सांगितलंत. निकाल चुकला हे सांगितलं, कसा चुकला ते गिळलं. दुसरा कोणी उद्या बाटल्या घरी ठेवील आणि तेच होईल. आईची लाज राखायची जागा ही नव्हे."

गीता रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "चूक झाली, सर."

"हे बरोबर बोललात. पुन्हा बारा विहिरी करा. मेअखेर निकाल पाठवा. मग पाहू."

शेवटी इंद्रभाननं आभाराचा छापील कागद वाचायला घेतला. गडबडीत पुढचं न पाहता वाचला. "भोजनाची व पाण्याची उत्तम व्यवस्था ठेवल्याबद्दल श्रीमती तानुबाई यांचे आम्ही ऋणी आहोत." सभागृह पुन्हा पाच मिनिटं आवरेना. या वेळी प्रोफेसरही.

२३ फेब्रुवारी

गीता माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आज भाकरी वाढताना म्हणाली, "सगळ्यांसमोर काऊन सांगितलं तू?"

"तू काऊन नाही सांगितलं?"

तिनं दुसरी भाकरी मागून घेतली.

२५ फेब्रुवारी

माणिकराव आले. बरडावर खडक लागला. "आता या खड्ड्याचं काय करू, वहिनी?"

"पावसाळ्यात भरंन."

"अन् नांदुऱ्याचं? नागपूरवाला हो म्हणाला का?"

"नाही म्हणाला नाही."

"शब्द दिला होता तुम्ही."

"शब्द हो आणि नाहीचा होता, भाऊजी. तो 'मग पाहू' म्हणाला. त्याचा आपला काही शब्द झाला नव्हता."

चहा न घेता गेले. चहा टाकलाच नव्हता.

२९ मे

परीक्षा झाल्यावर उन्हात गीता आणि इंद्रभान पुन्हा बारा गावं फिरले. डोणगावला मीही गेले, एस.टी.नं. तिथल्या विहिरीवर पोहरा मीच सोडला. गीतानं बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळली, मग भरली. मी काही बोलले नाही. बाटल्या परस्पर कॉलेजात गेल्या.

आज कागद नागपूरला पाठवला. बाराही पाणी वेगळं निघालं. कुठं खार जास्त, कुठं कमी, एक गोड, एक पिण्याजोगं नाही. कुठलीही नदी नाही. इंद्रभानला सुतक लागल्यासारखं झालं आहे. माझ्या पोरीत त्याचं काही गुंतलेलं नाही, नदीतच होतं, हे मला आत्ता कळलं. त्याचं वरण पूर्ववत केलं.

११ जुलै

गीता सकाळच्या एस.टी.नं निघाली, पुढं रेल्वेनं नागपूर. प्रोफेसरांनी घेतली, सगळ्यांच्या शेवटी. दशम्या दिल्या, ठेचा दिला. गाडी हलली तेव्हा ती काहीतरी म्हणाली, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी मान हलवून "हाव" म्हटलं.

घरी आले तर ओट्यावर अन्नपूर्णाबाई बसलेली.

"गेली का पोरगी?"

"गेली."

"एवढी नागपूरले बोलावून घेतली म्हणजे कायतरी मोठं शोधलं असंन तिनं. काय शोधलं?"

मी म्हटलं, "बारा विहिरींचं पाणी बारा तऱ्हेचं असते."

ती जरा वेळ वाट पाहत राहिली, आणखी काही असेल म्हणून. मग म्हणाली, "अवो, हे तं मलेबी माहीत होतं."

मी म्हटलं, "मंग तू काऊन नाही गेली नागपूरले?"